लक्ष विकत मिळते का?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



आपल्या मराठीत 'लक्ष' या शब्दाभोवती किती क्रियापदे जमली आहेत! लक्ष देणे, लक्ष ठेवणे, लक्ष वेधणे, लक्ष घालणे, लक्ष उडणे. त्यातल्या दोनच क्रियापदांबद्दल आज बोलायचे आहे. एक, लक्ष लागणे. दुसरे, लक्ष लावणे. फरक एका अक्षराचा आहे, पण या फरकापायी पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी मार खाल्ला आहे.

लक्ष लागते ते आपोआप. टीव्हीवर कार्टून असले, गच्चीवर पतंगांची काटाकाटी चालली असली, गल्लीत क्रिकेटचा डाव रंगात आला असला, की लक्ष लागते. लक्ष लावावे लागते ते कंटाळवाण्या, लांबणाऱ्या आणि लगेच फळ न देणाऱ्या कामात. वजाबाकीची वीस गणिते, शुद्धलेखनाचे पान, शेवटच्या तासाचा इतिहास. बहुतेक मुले वाढत्या वयाबरोबर लक्ष लावायला शिकतात. काही मुलांना मात्र ते फार जड जाते. त्यांचे लक्ष लागते, पण त्यांना ते लावता येत नाही. 'कार्टून बघायला दोन तास हलत नाही, मग अभ्यासालाच काय धाड भरते?' हा घरोघरी ऐकू येणारा प्रश्न इथूनच येतो. त्या प्रश्नात मुलावर लबाडीचा आरोप असतो, आणि अशा मुलांच्या बाबतीत तो आरोप अन्यायाचा असतो.

वैद्यकशास्त्रात या अवस्थेला अटेन्शन डेफिसिट हायपरअ‍ॅक्टिव्हिटी डिसऑर्डर, थोडक्यात एडीएचडी म्हणतात. लक्ष न टिकणे, अतिचंचलपणा आणि विचार करण्याआधीच कृती करून मोकळे होणे, ही तिची तीन अंगे. जगभरच्या पाहण्यांत शंभर मुलांमागे साधारण पाच मुले अशी आढळतात. मोबाइलने आणलेला हा आजार नव्हे. 1902 साली लंडनमध्ये जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञाने आपल्या व्याख्यानांत अशा मुलांचे वर्णन केले होते. त्याच्याही आधी, 1840 च्या दशकात, हाइनरिश हॉफमन या जर्मन डॉक्टरने मुलांसाठी केलेल्या चित्रपुस्तकात जेवणाच्या टेबलाशी चुळबुळ करून शेवटी टेबलक्लॉथसकट ताटे खाली ओढणारा फिलिप रंगवला होता.

मात्र प्रत्येक दंगेखोर मूल या खात्यात टाकू नये. लक्षणे निदान सहा महिने टिकलेली हवीत, वयाच्या बाराव्या वर्षाआधी दिसलेली हवीत, आणि घर व शाळा अशा एकाहून अधिक ठिकाणी दिसायला हवीत. फक्त एका शिक्षकांच्या तासालाच मूल बिथरत असेल, तर चौकशी वेगळ्या दिशेने करावी लागते. उलट खिडकीतून बाहेर बघत गप्प बसणारी, कुणाला त्रास न देणारी मुलगी याच अवस्थेत असू शकते. तिच्याकडे कुणाचे लक्ष जात नाही, कारण ती बाक वाजवत नाही.

मी विश्रामबागेत राहतो. सांगली आणि मिरज यांच्या मधले हे उपनगर. विलिंग्डन आणि वालचंद ही जुनी महाविद्यालये इथली, त्यामुळे शिक्षणाची हवा पहिल्यापासूनची. साहजिकच क्लासेसही भरपूर. ॲबॅकस, हस्ताक्षर, वैदिक गणित, स्मरणशक्ती. आता त्यात संगणकावर एकाग्रता वाढवून देण्याची भाषा ऐकू येऊ लागली आहे. मी डॉक्टर नव्हे, मानसशास्त्रज्ञही नव्हे. बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. पण ओळखीच्या एका घरातल्या मुलाला डॉक्टरांनी एडीएचडी असल्याचे सांगितले, आणि त्याची आई एक रंगीत पत्रक घेऊन आली. म्हणाली, "चाचा, तुम्ही वाचणारे-लिहिणारे. संगणकावर मेंदूचा व्यायाम करून घेतात म्हणे. आरडी मोडून पैसे भरू का?" प्रश्न पैशांचा होता, तसा आशेचाही होता. उत्तर देण्याआधी वाचणे भाग होते. जे वाचले ते आपल्यापुढे ठेवतो.

काही वर्षांपूर्वी डोळ्यांवर पट्टी बांधून वाचायला शिकवण्याचा दावा करणारे 'मिडब्रेन अ‍ॅक्टिव्हेशन'चे वर्ग निघाले होते. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी त्याला जाहीर विरोध केला. संगणकावरचे लक्ष-प्रशिक्षण त्या पंक्तीत बसवणे बरोबर नाही. त्यामागे खरे शास्त्रज्ञ आहेत, खरे प्रयोग आहेत.

त्यातला सर्वांत गाजलेला प्रयोग स्वीडनमधला. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेतले टॉर्केल क्लिंगबर्ग हे मेंदूचे अभ्यासक. त्यांचा विचार असा होता, की या मुलांची कार्यकारी स्मृती कमकुवत असते. कार्यकारी स्मृती म्हणजे काम चालू असताना डोक्यात धरून ठेवायची गोष्ट. आईने सांगितले, 'वाण्याकडून साखर आण, येताना कोथिंबीर घे आणि सुट्टे पैसे मोजून घे.' मूल कोपऱ्यापर्यंत पोचते तोवर साखर उरते, बाकीचे गळून पडते. ही स्मृती स्नायूसारखी व्यायामाने वाढवता आली तर लक्षही सुधारेल, असा त्यांचा तर्क होता.

व्यायाम साधा होता. संगणकाच्या पडद्यावर चौकोनांची जाळी. त्यातले काही चौकोन एकामागून एक उजळतात. मुलाने त्याच क्रमाने ते दाखवायचे. जमले की पुढच्या खेपेस काम थोडे अवघड होते, चुकले की सोपे. म्हणजे मूल सतत आपल्या कुवतीच्या काठावर राहते. रोज सुमारे चाळीस मिनिटे, असे निदान वीस दिवस. 2002 मधला पहिला प्रयोग अवघ्या 14 मुलांवर होता. 2005 मध्ये 53 मुलांवरचा मोठा प्रयोग प्रसिद्ध झाला. मुलांची कार्यकारी स्मृती कसोट्यांत सुधारली, आणि आईवडिलांनी घरी लक्षणे कमी झाल्याचे नोंदवले. याच कामातून कॉगमेड नावाची कंपनी उभी राहिली आणि हे प्रशिक्षण देशोदेशी विकले जाऊ लागले.

पण 2005 च्या त्याच प्रयोगात आणखी एक नोंद होती. शिक्षकांच्या अहवालात तसा ठळक फरक दिसला नव्हता. घरात फरक दिसतो आणि वर्गात दिसत नाही, असे का व्हावे?

इथे परिणाम कोण मोजतो, हा प्रश्न येतो. आपल्या तासगावकडच्या द्राक्षबागायतदारांना हे चटकन कळेल. नवे महागडे औषध मारले की पंधरा दिवसांत घड टपोरे दिसू लागतात. पैसे गेलेले असतात, मन आशेने भरलेले असते, म्हणून ते तसे दिसतात. खरे काय ते कळायचे तर दोन ओळी त्या औषधाशिवाय सोडाव्या लागतील, आणि कुठल्या ओळीवर काय मारले हे ज्याला ठाऊक नाही अशा माणसाकडून घड तोलून घ्यावे लागतील. पाच आठवडे रोज मुलाशेजारी बसलेल्या आईच्या डोळ्यांना फरक दिसला, तर ती खोटे बोलत नसते. तिची माया बोलत असते.

मग अभ्यासकांनी हेच तोलकाम सुरू केले. एडीएचडीवर काम करणाऱ्या युरोपातल्या तज्ज्ञांच्या गटाने 2015 मध्ये 16 चाचण्या एकत्र तपासल्या, त्यांत 759 मुले होती. 2023 मध्ये याच गटाने 36 चाचण्यांचा लेखाजोखा मांडला. कोणत्या मुलाला खरे प्रशिक्षण मिळाले हे ज्यांना बहुधा ठाऊक नव्हते, अशांच्याच नोंदी घेतल्या, तेव्हा आजाराच्या एकूण लक्षणांवर परिणाम दिसला नाही. लक्षाच्या बाबतीत थोडासा फरक दिसला, तोही प्रशिक्षण संपल्यानंतरच्या थोड्या काळापुरता. कार्यकारी स्मृतीच्या कसोट्यांत सुधारणा मात्र खरी होती. म्हणजे ज्या गोष्टीचा सराव केला ती सुधारली. ती सुधारणा पडद्यावरून उतरून दप्तरात काही पुरेशी गेली नाही.

कविता पाठ करणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही. अमेरिकेतला नामवंत मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स याने 1890 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात स्वतःवरचा एक प्रयोग सांगितला आहे. त्याने व्हिक्टर ह्यूगोच्या एका दीर्घ कवितेच्या 158 ओळी पाठ केल्या. त्याला एकूण सुमारे 132 मिनिटे लागली. मग स्मरणशक्तीला व्यायाम म्हणून त्याने 38 दिवस रोज थोडा वेळ देऊन मिल्टनच्या महाकाव्याचा अख्खा पहिला सर्ग पाठ केला. एवढी तालीम झाल्यावर ह्यूगोच्या त्याच कवितेच्या पुढच्या 158 ओळी घेतल्या. वेळ कमी लागायला हवा होता. लागला सुमारे 151 मिनिटे! त्या दिवसांत आपण कामाने थकलो होतो, हेही त्याने प्रामाणिकपणे लिहिले आहे. पण मिल्टन पाठ करून मिल्टनच पाठ होतो, हे त्यातून दिसले.

आपल्याकडच्या जुन्या पिढीला पावकी, निमकी, पाऊणकी तोंडपाठ असे. बाजारात त्यांना कुणी फसवू शकत नसे. तरी छत्री विसरायची ती विसरायचीच. मिरजेत सतार-तंबोरे घडवणारा कारागीर जवारी काढताना घोडीवरून कानस किती हलकी फिरवतो ते पाहावे. तासन्‌तास त्याचा कान त्या एका नादावर असतो. तो कान जवारी काढता काढताच तयार झाला, दुसऱ्या कुठल्या खेळातून नव्हे. लक्ष हे टाकीत साठवून मग हव्या त्या नळाला सोडायचे पाणी नाही. ते त्या त्या कामाला चिकटून वाढते.

यानंतरचा टप्पा व्हिडिओ गेमचा. जून 2020 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, आठ ते बारा वर्षांच्या मुलांसाठी एन्डेव्हरआरएक्स या गेमला परवानगी दिली. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणारा हा पहिलाच गेम म्हणून त्याची जगभर चर्चा झाली. त्याच्या मुख्य चाचणीत 348 मुले होती. चार आठवडे, आठवड्यातून पाच दिवस, रोज सुमारे 25 मिनिटे खेळ. संगणकावर लक्ष मोजणाऱ्या कसोटीत ही मुले सरस ठरली. पण आईवडिलांच्या नोंदी पाहिल्या, तर हा गेम खेळलेली मुले आणि शब्दांचा साधा गेम खेळलेली मुले, दोन्ही गट थोडे थोडे सुधारलेले, दोहोंत फरक नाही. खुद्द एफडीएनेही हा गेम इतर उपचारांच्या जोडीने वापरायचा आहे, असेच म्हटले.

दाव्यांचा अतिरेक झाला तेव्हा तिथल्या सरकारने कंपन्यांचे कानही पिळले. टेक्सासमधली एक कंपनी 'जंगल रेंजर्स' नावाचा गेम मुलांचे लक्ष आणि वर्तन सुधारते म्हणून विकत होती. 2015 मध्ये तिथल्या व्यापार आयोगाने पुराव्याशिवाय असे दावे करायला तिला मनाई केली. 2016 मध्ये 'लुमोसिटी' या बड्या कंपनीला अशाच दाव्यांबद्दल 20 लाख डॉलर भरावे लागले.

मग हे सगळे टाकाऊ आहे का? तसे मी म्हणणार नाही. एखादे मूल आवडीने करत असेल, घरच्यांना खर्च सोसत असेल आणि बाकीचे उपचार चालू असतील, तर त्यात मोठा धोका नाही. धोका आहे तो बाकीचे उपचार सोडून देण्यात. आणि त्याहून मोठा धोका मुलाच्या मनाला. शाळेत बोलणी खाल्लेले, घरी बोलणी खाल्लेले मूल. त्याच्यासाठी हजारो रुपये भरून यंत्र आणले आणि तरीही प्रगतिपुस्तक तसेच राहिले, तर ते मूल काय समजेल? 'कॉम्प्युटरनेसुद्धा मी सुधारलो नाही.'

म्हणून त्या आईला मी हो किंवा नाही असे उत्तर दिले नाही. पैसे भरण्याआधी चार प्रश्न विचारायला सांगितले. एक, खेळातले गुण वाढतील हे कळले, पण पडद्याबाहेर नेमके काय बदलेल? दोन, तो बदल कोण मोजणार? वर्गशिक्षकांना काही न सांगता त्यांचे मत आधी आणि नंतर घेता येईल का? तीन, मुलाचे निदान कुणी केले ते तुम्ही विचारता का, की पैसे भरणाऱ्या प्रत्येक मुलाला हाच कार्यक्रम देता? चार, मुलाच्या डॉक्टरांशी तुम्ही बोलाल का? या चार प्रश्नांना सरळ उत्तरे देणाऱ्या माणसाशी पुढे बोलावे. जो चिडेल त्याला नमस्कार करून घरी यावे.

मग करायचे काय? माझ्या धर्मातली एक गोष्ट इथे आठवते. नमाजात रकाती मोजून अदा करायच्या असतात. भल्याभल्यांचे मन भरकटते, तिसरी झाली की चौथी, आठवत नाही. यावर धर्मशास्त्राने शिक्षा सांगितलेली नाही. 'सजदा-ए-सहव', म्हणजे भुलीचा सजदा सांगितला आहे. शेवटी दोन सजदे जादा करायचे, नमाज पुरी. माणूस विसरणार, हे तिथे आधीच धरलेले आहे आणि दुरुस्तीची जागाही ठेवलेली आहे.

या मुलांना घरात आणि वर्गात अशाच दुरुस्तीच्या जागा हव्या असतात. वीस गणिते एकदम न देता पाच-पाच द्यावीत. एका वेळी एकच सूचना, तीही जवळ जाऊन, नाव घेऊन. दप्तर भरायची यादी दाराच्या मागे मोठ्या अक्षरांत चिकटवावी. वर्गात पुढचा बाक, खिडकीपासून लांब. मधूनच खडू आणायला, फळा पुसायला उठवावे, म्हणजे हलण्याची गरज कामाला लागते. चांगले केले तर शाबासकी तिथल्या तिथे, महिनाअखेरीला नव्हे. आणि आईवडिलांनी हे कसे करायचे ते जाणकारांकडून शिकून घ्यावे. पालकांना असे प्रशिक्षण देणे हा जगभर मान्य असलेला उपचार आहे. त्यात लक्ष लावण्याचा सराव होतो तो खऱ्या वहीवर, खऱ्या ताटासमोर, खऱ्या माणसांत. म्हणजे जिथे ते लागणार आहे तिथेच.

औषधाचे नाव काढले की आपल्याकडे घरे घाबरतात. अमेरिकेत 579 मुलांवर झालेल्या आणि 1999 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात, 14 महिने नीट देखरेखीखाली दिलेल्या औषधाने मूळ लक्षणे नुसत्या वर्तनोपचारापेक्षा जास्त कमी झाली. पुढच्या काळात गटांमधला हा फरक ओसरला, म्हणजे औषधही जादू नव्हे. भूक आणि झोप यांवर त्याचा परिणाम होऊ शकतो. पण ते द्यायचे की नाही, हे मानसोपचारतज्ज्ञाने किंवा बालरोगतज्ज्ञाने ठरवावे, शेजाऱ्याने नव्हे. कवीने तर नव्हेच.

ज्यांच्याकडे मोडायला आरडीही नाही त्यांच्यासाठी एक माहिती. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 मध्ये आपल्या महाराष्ट्रातल्याच पालघरहून सुरू झाला. अंगणवाड्यांत आणि शासकीय व अनुदानित शाळांत मुलांची तपासणी करणारी पथके याच कार्यक्रमाची. तपासायच्या अवस्थांच्या यादीत एडीएचडीचे नाव आहे. शाळेत पथक आले की नुसती उंची-वजने करून घेऊ नका, हा प्रश्न विचारा. जिल्हा पातळीवरच्या उपचार केंद्राकडे मुलाला तिथून पाठवता येते. 'टेलिमानस' या सरकारी सेवेचा 14416 हा क्रमांकही 2022 पासून सुरू आहे. एक उणीव मात्र राहिली आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत. त्यांत अध्ययन अक्षमता आहे, एडीएचडी स्वतंत्रपणे नाही. त्यामुळे परीक्षेतल्या सवलतींसाठी अशा मुलांच्या पालकांना फार खेटे घालावे लागतात. ज्यांच्या हातात धोरण आहे त्यांनी याचा विचार करावा.

त्या आईने आरडी मोडली की नाही, ते मी विचारले नाही. तो तिचा निर्णय. एवढे ठाऊक आहे, की ती वर्गशिक्षिकेला भेटून आली आणि मुलाचा बाक पुढे आला. त्याला एक पैसाही लागला नाही.

श्रोतेहो, आपल्या आसपास असे एखादे मूल असेल. त्याला 'लक्ष कुठे आहे तुझे?' असे विचारण्याची आपल्या सर्वांना सवय आहे. त्या प्रश्नाचे उत्तर त्या मुलाकडे नसते. आज संध्याकाळी एकदा त्याच्याजवळ जाऊन बसा, वहीतली पाचच गणिते पुढे घ्या, आणि ती होईपर्यंत उठू नका. आपला मोबाइल मात्र दुसऱ्या खोलीत ठेवा.